कोणाचे कार्ड ठेवायचे?

मालाडच्या मालवणीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या रविवारी क्रिकेट कार्डांचे नवे खोके फोडले. फरशीवर दोन ढीग लावले. एक ठेवायचा, दुसरा वाटून टाकायचा. चमचमणारी, मोठ्या नावांची कार्डे पहिल्या ढिगात गेली. मी विचारले, "यात बाळू पालवणकर आहेत का?" तो म्हणाला, "कोण ते, मामा?"

दोष पोराचा नाही. कोणते कार्ड ठेवायचे हे आपण ठरवतो. पण कोणाचे कार्ड छापायचे हे त्याआधीच दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते. इतिहासाचेही तेच आहे.

चर्मकार समाजातले बाळू पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची कामे करत आणि सरावात इंग्रजांना गोलंदाजी टाकत. जिंकायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबने त्यांना संघात घेतले. मैदानात चेंडूचा विटाळ नव्हता, चहाच्या वेळी मात्र होता! सहकारी आत कपबशीत चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. त्या संघाचे कर्णधार कोण? पतियाळाचे महाराजा.

हिंदू संघाचे कर्णधारपदही बाळूंना रीतसर कधी मिळाले नाही. १९२० मध्ये तर आधी त्यांना संघातून वगळले आणि मग धाकटे भाऊ विठ्ठल यांचा कर्णधारपदाचा हक्कही डावलला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले, जाहीर निषेध करून. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. हा न्याय कोणाच्या उदारपणातून आलेला नाही, तो भांडून घेतलेला आहे.

अमेरिकेत बेसबॉलच्या कार्डांचे मोठे वेड. तिथे १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये उतरले आणि १९४९ च्या बोमन कंपनीच्या संचात त्यांचे कार्ड आले. पण जॉश गिब्सन? ते कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्येच खेळले आणि रॉबिन्सन उतरण्याच्या काही महिने आधी वारले. त्यांचे आकडे मोठ्या लीगच्या अधिकृत नोंदीत घेतले गेले २०२४ मध्ये, आणि कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत ते थेट पहिले ठरले! म्हणजे गुणवत्ता होतीच, वही दुसऱ्याच्या हातात होती.

आता आपल्या ढिगाकडे वळू. आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला गेले. १९३७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले. अशा माणसाचे कार्ड आपण का ठेवायचे?

प्रश्न रास्त आहे. ती भूमिका चुकीची होती, हे मी ठामपणे म्हणतो. पण मित्रांनो, कार्डाला दोन बाजू असतात. पुढे चित्र, मागे नोंद. बाळूंचे कार्ड फेकून दिले, तर मातीच्या भांड्यातल्या चहाचा पुरावाही कचऱ्यात जातो. आणि मागची बाजू कोरी ठेवली, तर उद्या कोणीही त्यावर हवे ते लिहील. "बघा, तुमचाच माणूस आंबेडकरांच्या विरोधात होता," हे ऐकवणारे कमी नाहीत. त्यांना उत्तर द्यायचे, तर काँग्रेसने बाबासाहेबांसमोर बाळूंनाच का उभे केले, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनीच राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. मग निव्वळ निष्ठा तपासून इतिहास ठेवायचा की फेकायचा हे ठरवणारे आपण कोण?

विठ्ठल पालवणकरांनी दुसऱ्याच्या वहीची वाट पाहिली नाही. 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत स्वतः लिहिले. आपल्या वस्तीतल्या मैदानांवर खेळलेल्या आजोबांची, काकांची नोंद आपण कुठे ठेवली आहे?

भाच्याने पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला. एका बाजूला बाळूंचे चित्र काढले. दुसऱ्या बाजूला मी सांगितले ते लिहिले, ११४ बळी आणि १९३७ ची निवडणूकही. ते कार्ड ठेवायच्या ढिगात आहे.

जय भीम!