मनाचा इलाज करणाऱ्यांची पदवी कशी ठरत गेली



मागच्या वेळी आपण बाळंतपणानंतरच्या उदासीबद्दल बोललो. तेव्हा गटातल्या एका ताईंनी विचारलं, "तालुक्याच्या गावी समुपदेशन केंद्राची पाटी दिसते. आत बसलेला माणूस शिकलेला आहे हे आम्ही ओळखायचं कसं?" त्यांच्या विचारण्याला कारण होतं. सुनेला त्यांनी अशाच एका पाटीमागे नेलं होतं. तीन महिने पैसे गेले, सून गप्पच राहिली, आणि मग कळलं की भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं प्रमाणपत्र आठ दिवसांच्या शिबिराचं होतं.

म्हणून आज आपण या पदवीचा इतिहास पाहू. आधी एक फरक लक्षात ठेवा. गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे शिकलेला डॉक्टर. बोलून, चाचण्या घेऊन इलाज करतात ते मानसशास्त्र शिकलेले लोक. गोंधळ होतो तो या दुसऱ्यांच्या बाबतीत.

आपल्या देशात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग प्रथम कलकत्ता विद्यापीठात निघाला, १९१६ च्या सुमारास. नरेंद्रनाथ सेनगुप्ता अमेरिकेत हार्वर्डला शिकून आले होते, त्यांनी तो उभा केला. पण ते शिक्षण प्रयोगशाळेतलं होतं. लक्ष किती वेळ टिकतं, आठवण कशी राहते, असं मोजायचं. एम.ए. झालेल्याने दुःखी माणसासमोर बसावं, अशी त्यात अपेक्षाच नव्हती. आजही बऱ्याच ठिकाणी एम.ए. पुस्तकांतूनच होतं, हे आम्हाला त्या जुन्या सुरुवातीचंच राहिलेलं दुखणं वाटतं.

मग १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. देशाच्या आरोग्याची पाहणी करणारी ही समिती. तिला दिसलं की सगळ्या देशात मनोरुग्णालयांत मिळून सुमारे १० हजार खाटा आहेत, म्हणजे ४० हजार लोकांमागे एक. आणि शिकलेली माणसं तर त्याहून कमी. समितीने सांगितलं, आधी माणसं शिकवणारी संस्था काढा. त्यातून १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. तिलाच आज आपण निम्हान्स म्हणतो. १९५५ मध्ये तिथे एम.ए. झालेल्यांसाठी पुढचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे १९६२ मध्ये रांचीलाही झाला. त्याचंच नाव नंतर एम.फिल. पडलं.

या दोन वर्षांत खरी गोष्ट घडायची. विद्यार्थी वॉर्डात जायचा. रुग्णाची हकीकत घ्यायची, घरच्यांशी बोलायचं, चाचणी लावायची, आणि संध्याकाळी आपण काय केलं ते वरिष्ठांना दाखवायचं. चुकलं तर ते तिथेच सांगणार. आपल्याकडे नर्सताई शिकते तशीच ही रीत. सुई टोचायला पुस्तकातून येत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहावं लागतं. जीव द्यायचे विचार मनात येतात का, हे समोरच्या बाईला कसं विचारायचं, हेही तसंच शिकावं लागतं.

पण हे शिक्षण घेतलेला कोण आणि न घेतलेला कोण, याची नोंद कायद्यात कुठेच नव्हती. ती आली भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने. परिषद अभ्यासक्रमांना मान्यता देणार, उत्तीर्ण झालेल्यांची नावं केंद्रीय रजिस्टरमध्ये लिहिणार. रजिस्टरमध्ये नाव नसताना हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! एवढी तर एका भेटीची फी असते. शिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला रजिस्टर होतं, पण साध्या 'समुपदेशक' या शब्दाला कुंपण नव्हतं. आमच्या ताईंची सून नेमकी त्याच फटीत सापडली.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण, याची व्याख्या केली. त्यात दोन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण आणि देखरेखीखालचं काम आहे. मग २०२१ मध्ये आरोग्याशी जोडलेल्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही आले. म्हणजे एम.ए.च्या पातळीवरच काय यायला हवं, ते आता ठरवलं जातंय. दरम्यान नव्या शिक्षण धोरणाने एम.फिल. पदवीच बंद करायचं ठरवलं, त्यामुळे सगळा भार एम.ए.वर येऊन पडला आहे.

आणि इथे आपल्या पोरींचा प्रश्न येतो. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन घ्यायला बंदी केली. कारण पटण्यासारखं आहे. वॉर्डात उभं राहायला टपालाने कसं शिकवणार? पण लग्न झालेली, लेकरं असलेली, शेतात जाणारी आपली पोरगी दूरशिक्षणातूनच तर शिकत होती. शहरातल्या कॉलेजात दोन वर्षं राहायचं तर खोलीभाडं कोण देणार? आम्ही गटात यावर भांडलो. सुनेच्या सासूबाई बंदीच्या बाजूने होत्या. जिची लेक दूरशिक्षणाने एम.ए. करायच्या तयारीत होती, ती दुसऱ्या बाजूने. दोघींचंही म्हणणं आम्हाला खोडता आलं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं होतं की मनाचा आजार असलेल्या दहांतल्या आठांहून जास्त जणांना इलाज मिळतच नाही. गावातून शिकून येणारी बाई कमी झाली तर तो आकडा खाली येणार कसा? जिल्हा रुग्णालयातच देखरेखीखालचं काम शिकायची सोय झाली, तर दोघींचंही भागेल, असं आम्हाला वाटतं. तसा अर्ज गटाच्या पुढच्या बैठकीत लिहायचा आहे.

तोवर एवढं करा. कुणाकडे जाल तेव्हा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायची लाज वाटू देऊ नका, डॉक्टरच्या पाटीवरही तो असतो. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली तर उठून या. आणि रात्री-अपरात्री कुणाला बोलायची गरज पडली, तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, पैसे लागत नाहीत. नंबर लिहून घ्या, १४४१६.