सरकार घरमालक होतं तेव्हा

म्हाडाची लॉटरी जाहीर झाली की मुंबईत घराघरांत मोबाईलवर अर्ज भरले जातात. उत्पन्न गट निवडायचा, अनामत रक्कम भरायची आणि सोडतीची वाट बघायची. घर मिळणं हा नशिबाचा भाग, हे आपण इतकं मान्य केलंय की एक साधा प्रश्न डोक्यात येतच नाही. सरकार घरं बांधायच्या भानगडीत पडलं कशासाठी?

त्याचं उत्तर प्लेगमध्ये आहे.

१८९६ साली मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. लोक गावाकडे पळाले, गिरण्यांना कामगार मिळेनात. मग कामगार राहतो कुठे, याकडे राज्यकर्त्यांचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. ट्रस्टने दाटीच्या वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याला मध्यमवर्गासाठी प्लॉट पाडले. गरिबांसाठी बीआयटी चाळीही बांधल्या, पण पाडलेल्या घरांच्या मानाने त्या अपुऱ्या होत्या. घर गेलेली माणसं शेजारच्या चाळीत शिरली. गर्दी फक्त जागा बदलून बसली. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर बरीच वर्षं राहिले.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी नवं खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. तेच आपलं बीडीडी. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवून पैसा उभा करायचा आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती आणि सुमारे १६ हजार खोल्या झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक.

तरीही खोल्या ओस पडल्या. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब होती आणि भाडं कामगाराला झेपत नव्हतं. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही चाळींचा तुरुंग म्हणून वापर केला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही डांबले गेले!

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ आलं. एकीकडे फाळणीत उखडलेले निर्वासित, दुसरीकडे कारखान्यांतले कामगार, आणि दोघांनाही छप्पर हवं होतं. विक्रोळीचं कन्नमवार नगर, चेंबूरचं टिळक नगर, कुर्ल्याचं नेहरू नगर ही या मंडळाची कमाई. जुनी माणसं आजही 'हाउसिंग बोर्डाची खोली' म्हणतात. त्या खोल्यांत एका पिढीने शिक्षण घेतलं, नोकऱ्या धरल्या, संसार थाटले.

१९७७ मध्ये गृहनिर्माण, इमारत दुरुस्ती आणि झोपडपट्टी सुधार अशी वेगवेगळी मंडळं एकत्र करून म्हाडा उभी राहिली. पण शहर वाढत होतं, जमीन महागत होती आणि सरकारी बांधकाम मागे पडत होतं. १९९५ मध्ये एसआरए आलं आणि सूत्रच बदललं. आता घर बिल्डर बांधणार, झोपडीधारकाला ते फुकट मिळणार आणि बिल्डरला मोबदल्यात वाढीव चटईक्षेत्र. सरकार घरमालकाचं पंच झालं.

या सव्वाशे वर्षांत घर कोणाला द्यायचं यापेक्षा पैसा कुठून आणायचा, यानेच धोरण ठरवलेलं दिसतं. आधी कापसाची गाठ होती, मग सरकारी तिजोरी, आता चटईक्षेत्र.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांतून थेट ५०० फुटांत, तेही फुकट. तीन-तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्यांना हा आनंद हक्काचा आहे, त्यात वादच नाही. पण या घरांचा खर्च त्याच जमिनीवरच्या विक्रीच्या टॉवरमधून निघायचा आहे. कापसाची गाठ दरवर्षी नवी येत होती. टॉवरखाली गेलेली जमीन पुन्हा मोकळी होत नाही. आज मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या, कुठल्याच चाळीच्या यादीत नाव नसलेल्या पोरापोरींसाठी मग उरते ती लॉटरीच.