इंजिन तापणे : कारणांचे निदान

मोटारगाडीच्या इंजिनाचे तापमान नेहमीची मर्यादा ओलांडून कूलंट उकळू लागण्याची अवस्था. इंधन जळून जी उष्णता निघते, तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांशच गाडी ओढायच्या कामी येते. जवळपास तेवढीच सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेली बहुतेक रेडिएटरला हवेत सोडावी लागते. म्हणजे इंजिन जितका जोर लावते, तितकाच भार रेडिएटरवरही पडतो. पाणी फिरवणारा पंप (गॅरेजातली ‘वॉटर बॉडी’), साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागणारा थर्मोस्टॅट, पंखा, रेडिएटर आणि दाब राखणारे झाकण मिळून हे काम करतात. यांतला कोणताही भाग नादुरुस्त झाला तरी डॅशबोर्डवरचा काटा एकसारखाच चढतो, त्यामुळे नुसत्या काट्यावरून दोषी भाग कळत नाही. तो शोधायचा तर गाडी नेमकी केव्हा तापते, हे आधी विचारायला हवे. पाना त्यानंतर हातात घ्यावा.

या प्रश्नाचे उत्तर मिळवायला बेळगाव–निपाणी पट्टा सोयीचा आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर (पूर्वीचा ४) निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो, मग संकेश्वर, हत्तरगी आणि वंटमुरीचा घाट. तो ओलांडला की होनगा, काकती आणि पुढे बेळगावची गर्दी. जड ओढ, सलग वेग आणि रखडत चालणे या तिन्ही परिस्थिती एकाच प्रवासात येतात. घाटात चढलेला काटा काकतीच्या आसपास आपोआप खाली येत असेल, तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही. उष्णता वाहून नेण्याची एकूण ताकदच कमी पडते आहे. अशा वेळी रेडिएटर आतून क्षाराने चोक झालेला असतो किंवा त्याची जाळी बाहेरून बुजलेली असते, पंपाची पाती झिजलेली असतात, पट्टा घसरत असतो, नाहीतर खालचा होज पाइप नरम पडून पंपाच्या ओढीने आत चिकटत असतो. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या जाळीत पाचटाचा भुसा अडकतो, तोही याच गटातला. याउलट घाट निमूट चढून आलेली गाडी चन्नम्मा चौकातल्या गर्दीत तापली, तर संशय पंख्यावर जातो, कारण उभ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही. अनेक गाड्यांत एसी लावताच रेडिएटरचा पंखा फिरतो. एसीवर तो फिरला पण नुसत्या तापमानावर फिरला नाही, तर मोटर शाबूत आहे. खोट सेन्सर, रिले किंवा वायरिंगमध्ये शोधावी. थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा वर गेला आणि वरचा होज कढत असताना खालचा गारच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी.

‘घाट आहे म्हणून तापते’ हे उत्तर सर्रास दिले जाते, पण त्याच चढावर भरलेल्या गाड्या रोज विनातक्रार जातात. गाडीची शीतनयंत्रणा पूर्ण भार गृहीत धरूनच आखलेली असते. घाट केवळ आधीपासून असलेली कमतरता उघडी करतो. मर्यादेपेक्षा जास्त माल भरून, मे महिन्याच्या दुपारी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणाऱ्या जुन्या गाडीला मात्र हे उत्तर लागू पडते, आणि तेवढी सूट द्यायला हरकत नाही.

झाकणाकडे होणारे दुर्लक्ष या भागात अधिक महागात पडते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघडे पाणी शंभर अंशांऐवजी साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळते. निम्मे कूलंट, निम्मे पाणी आणि नीट दाब धरणारे झाकण असेल तर उकळबिंदू सव्वाशे अंशांच्या जवळ जातो. पण रबर कडक झालेले झाकण आणि आत नुसते नळाचे पाणी असेल, तर बऱ्याच गाड्यांत पंखा जेमतेम सुरू होण्याच्या तापमानालाच पाणी उकळू लागते. बाकी सगळे भाग निर्दोष असतात, तरी गाडी वाफ सोडते. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये, याचे कारणही हा दाबच: तो सुटताच पाण्याची क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत अजून टिकून आहे. आपल्या हवेत त्याची गरज नाही, आणि काढल्यावर गाडी थंड चालते, असा तिचा आधार. गाडी थंड चालते हे अनेकदा खरे असते, कारण अर्धवट अडकलेली झडप निघाली की प्रवाह वाढतो. पण त्याने चोक झालेला रेडिएटर साफ होत नाही, फक्त त्याचे लक्षण काही काळ झाकले जाते. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरते आणि चढावर त्रास वाढू शकतो. सतत थंड चालणारे इंजिन जास्त इंधन पिते, त्याचे ऑइलही लवकर खराब होते. अडकलेला थर्मोस्टॅट काढावा जरूर, पण त्याच्या जागी नवा बसवावा.

स्वस्त भाग एकेक बदलत गेले तर काय बिघडते, हा आक्षेप त्याहून वजनदार आहे. झाकण किंवा थर्मोस्टॅट एकदा बदलून पाहणे गैर नाही. परंतु हेड गॅस्केट गेलेले असेल, तर त्या प्रत्येक प्रयोगात इंजिन पुन्हा एकदा तापते. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, म्हणून बिडाच्या ब्लॉकवर बसवलेले ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापल्यास वाकते. उद्यमबागेच्या फाउंड्र्यांमुळे ओतकाम अंगवळणी पडलेल्या बेळगावात हे वेगळे सांगायला नको. मग फेसिंग करावे लागते, क्वचित हेडच बदलावे लागते. म्हणून गाडी पाणी खाते पण कुठे गळत नाही, अशी तक्रार आली की पहिली तपासणी गॅस्केटची व्हावी. थंड इंजिन सुरू करताच होज दगडासारखा कडक होणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलला दुधाळ रंग या त्याच्या खुणा. कूलंटवरच्या हवेत जळालेला वायू मिसळला असेल तर तपासणीचे निळे द्रावण पिवळे पडते. हा पुरावा कोणत्याही अंदाजापेक्षा भरवशाचा.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. पाणी सेन्सरच्या खाली गेले की सेन्सरभोवती नुसती हवा किंवा वाफ उरते आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. चढावर काटा एकाएकी पडला आणि हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करावी.

दुरुस्तीनंतर बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतणे म्हणजे तोच रेडिएटर पुन्हा चोक करणे. त्याऐवजी डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट मिसळावे. भरताना अडकलेली हवा ब्लीड स्क्रू उघडून काढावी. तो नसेल तर हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन फिरू द्यावे आणि पूर्ण निवल्यावर पातळी पुन्हा पाहावी.