देयक-संकेतांक आणि वैद्यकीय नोंद : जननेंद्रियावरील लेसर उपचाराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोध आणि शोधकर्ते यांच्या आधारे लिहिला जातो. रुग्णालयाच्या देयकाकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः एखाद्या उपचाराला व्यवस्थेने कोणते नाव व किती मोल दिले, हे देयकावरूनच कळते. प्रस्तुत निबंधात जननेंद्रियावरील चामखिळी लेसरने काढण्याच्या उपचाराला अमेरिकेत मिळालेल्या संकेतांकांचा विचार केला आहे. संकेतांक काय सांगतो आणि काय वगळतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर कार्यान्वित केला. १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर विकसित केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा व अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे, ही बाब येथे उल्लेखनीय होय. या लेसरचे किरण पाण्यात त्वरित शोषले जातात. त्यामुळे पाण्याचा मोठा अंश असलेल्या पेशींचे बाष्प होते. चामखिळीवरील उपचारात हाच गुणधर्म उपयोगी पडला.

याच दशकात अमेरिकेत देयकांची नवी व्यवस्था आकाराला येत होती. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर ही शासकीय विमा योजना संमत झाली. १९६६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने उपचारांच्या संकेतांकांची सूची (सी.पी.टी.) प्रसिद्ध केली. १९७० च्या आवृत्तीत संकेतांक पाच अंकी झाले आणि १९८३ मध्ये मेडिकेअरने ही सूची स्वीकारली.

संकेतांकांची रचना :
पुरुषाच्या जननेंद्रियावरील साध्या उपचारासाठी पद्धतीनुसार स्वतंत्र संकेतांक आहेत. रासायनिक उपचारास ५४०५०, शीतोपचारास ५४०५६, तर लेसरला ५४०५७. उपचार विस्तृत असल्यास मात्र पद्धत कोणतीही असो, ५४०६५ हाच संकेतांक लागू होतो. स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियासाठी ५६५०१ (साधा) व ५६५१५ (विस्तृत) असे दोनच संकेतांक असून लेसर, विद्युत, शीत व रासायनिक या सर्व पद्धती त्यांतच सामावल्या आहेत.

याचा परिणाम दूरगामी आहे. केवळ देयकांवरून लेसरच्या वापराचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला पुरुषांवरील साधे उपचार तेवढे मोजता येतील. स्त्रियांवरील लेसर उपचार त्याच्या दृष्टीस पडणारच नाहीत. निदानाचा संकेतांकही ही उणीव भरून काढत नाही. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत लागू झालेल्या आय.सी.डी.-१०-सी.एम. मध्ये या चामखिळींना ए ६३.० हा संकेतांक आहे. तो रोग सांगतो, पद्धत नव्हे.

नोंदीचे महत्त्व :
चामखीळ एक असो वा अनेक, संकेतांक तोच राहतो. 'साधा' व 'विस्तृत' यांतील सीमारेषाही सूचीत मोजमापाने आखलेली नाही. म्हणून चामखिळींची संख्या, आकार, नेमके स्थान, वापरलेली पद्धत व भूल यांचा तपशील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहिणे अगत्याचे ठरते. विमा कंपनीने शंका घेतल्यास हेच टिपण पुरावा ठरते. देयकात लोप पावलेली माहितीही तेथेच टिकून राहते.

तथापि, ही माहिती अत्यंत खासगी आहे. १९९६ च्या हिपा कायद्यावर आधारलेले आणि एप्रिल २००३ पासून पाळणे बंधनकारक झालेले गोपनीयतेचे नियम सांगतात, की देयकासाठी आवश्यक तेवढीच माहिती बाहेर जावी. नोंद परिपूर्ण असावी, पण तिचा प्रसार मर्यादित असावा, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

निष्कर्ष :
संकेतांक मुळात हिशेबाच्या सोयीसाठी निर्माण झाले. त्यांनाच इतिहास मानल्यास स्त्रियांवरील उपचारांची पद्धत इतिहासातून वगळली जाईल. म्हणून देयकांच्या आकडेवारीवर आधारलेले कोणतेही अनुमान मूळ टिपणांशी ताडून पाहणे आणि तसे करताना रुग्णाची ओळख गुप्त राखणे, हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.