चंद्रभागेच्या माहेरी



पंढरी हे आपले माहेर. पण ज्या चंद्रभागेत आपण स्नान करतो, तिचे माहेर कुठले, हे वारीच्या गर्दीत सहसा कुणी विचारीत नाही. पन्नास वर्षे कीर्तनाला उभा राहिलो, पण मीही कधी विचारले नाही. गुडघ्यांनी पायी वारी थांबवली आणि मग हा प्रश्न सुचला. यंदा श्रावणात नातू म्हणाला, "आबा, शनिवार-रविवार गाडी काढतो. जुन्नर-आंबेगावचे धबधबे पाहू, जुनी देवळे पाहू. तुम्हाला फार चालावे लागणार नाही." मी म्हटले, चल. वारी नदीबरोबर खाली जाते, आपण एकदा नदीच्या उलट वर जाऊन येऊ.

जुन्नर सोडले आणि नाणेघाटाच्या वाटेवर पूर गावी थांबलो. येथे कुकडेश्वराचे काळ्या दगडाचे जुने, कोरीव कामाचे शिवमंदिर आहे. कुकडी नदी येथेच उगम पावते. ही कुकडी पुढे घोड नदीला मिळते, घोड भीमेला, आणि तीच भीमा पंढरपुरी चंद्राच्या कोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. वाटेत माणिकडोह, येडगाव, उजनी अशी धरणे तिला अडवतात. तरी जे पाणी सुटते ते पांडुरंगाच्या पायाशीच जाते. मी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले.

पुढे नाणेघाट. तिथे कड्यावरून कोकणात पडणारे पाणी पश्चिमेचा वारा उलटे वर फेकतो. तरुण पोरे ते पाहायला दाटीने उभी होती. पाहण्यासारखेच आहे ते. खाली जायला निघालेला जीव कुणाच्या तरी फुंकरीने माघारी वळावा, तसे ते पाणी वळते.

या घाटाचा इतिहास दोन हजार वर्षांचा. सातवाहनांच्या काळी जुन्नर ही मोठी पेठ होती. कल्याण आणि सोपारा या बंदरांचा माल हा घाट चढून देशावर येई. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे सांगतात. माउली, हा रांजण मी कीर्तनात शेकडो वेळा सांगितला. प्रपंचाची जकात भरता भरता माणूस रिकामा होतो, असा दृष्टांत देत असे. श्रोते माना डोलवीत. पण रांजणापासून काही पावलांवर जे लेणे आहे, त्यात मी कधी शिरलो नव्हतो.

नातवाचा हात धरून शिरलो. आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. ही सातवाहनांची राणी नागनिका हिची आठवण. बहुतेक विद्वान तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. जॉर्ज ब्यूलर यांनी १८८३ साली त्याचे वाचन छापले. त्यात अश्वमेध आणि राजसूय अशा यज्ञांची नावे आहेत. गाई, घोडे, हत्ती आणि दक्षिणेच्या नाण्यांचे आकडे आहेत. एके ठिकाणी २४,४०० कार्षापण दिल्याची नोंद आहे. शिवाय त्यात महिना महिना उपवास करणाऱ्या, घरातच तपस्विनीसारख्या राहणाऱ्या राणीचे वर्णन आहे.

पण लेख सुरू होतो नमनाने. धर्माला, इंद्राला, आणि मग संकर्षण-वासुदेवांना नमन. वासुदेव म्हणजे आपला कृष्ण, संकर्षण म्हणजे बळिराम. पुंडलिकाच्या विटेवर जो उभा, त्याचे नाव या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले आहे आणि मी त्याच्या दारात उभा राहून जकातीच्या गोष्टी सांगत होतो! नातू वाचून दाखवीत होता आणि मला माझ्याच कीर्तनाची लाज वाटली.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आज त्यांची पावलेच काय ती उरली आहेत. वर नावे मात्र आहेत. रूप गेले, नाव राहिले. नामाचा महिमा सांगायला याहून दुसरा दाखला कशाला हवा?

मुक्काम ओतूरला केला. मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराजवळ बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबारायांना स्वप्नात ज्यांनी मंत्र दिला, ते सद्गुरू हेच असे आपली परंपरा मानते. राणीने शिळेवर कोरविले ते वाचायला विद्वान लागले. स्वप्नात दिलेला मंत्र मात्र अडाणी वारकऱ्यालाही पाठ आहे. दक्षिणा एका कवडीचीही नाही.

रविवारी मंचर, घोडेगाव करीत भीमाशंकराकडे निघालो. डिंभे धरणाचा जलाशय भरला होता. नातू म्हणाला, "काय सुंदर!" मी त्याला सांगितले, ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव म्हणतात, ते मूळ गाव या पाण्याखाली आहे. खालच्या शेतांना पाणी मिळावे म्हणून त्यांनी आपली घरे सोडली. तो गप्प झाला. मग आम्ही माळीणला गेलो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पावसाने डोंगर कोसळला आणि दीडशेवर माणसे घरातच गाडली गेली. बहुतेक महादेव कोळी समाजातली, भातखाचरांत राबणारी. पुढे जवळच नवे माळीण वसले. समोरच्या डोंगरावरून त्या दिवशीही धबधबे कोसळत होते. त्या खोऱ्याचे पाणी घोड नदीला येते, म्हणजे अखेर चंद्रभागेलाच येते. तिथे बोलायला काही नव्हते. हात जोडले, मनात नाम घेतले.

भीमाशंकराला पायऱ्या उतरताना गुडघे बोलले, पण उगमाचे पाणी डोक्यावर घेतले. तळाशी महापूर होणारी भीमा तिथे लहान मुलीसारखी आहे.

माउली, आता माझा आवाज थकला. फडावर उभ्या राहणाऱ्या तरुण कीर्तनकारांना हात जोडून सांगतो: जुन्नरला कीर्तन असेल तर रांजण जरूर सांगा, पण आधी लेण्यात जाऊन वासुदेवाचे नाव पाहून या. आणि वाळवंटात तुम्ही-आम्ही स्नानाला उतरू तेव्हा पहिली ओंजळ पांडुरंगाला, दुसरी आंबेगावच्या बुडालेल्या घरांना आणि माळीणच्या माणसांना द्यावी. त्यांच्याच दारावरून हे पाणी आपल्यापर्यंत आले आहे.

राम कृष्ण हरि.