तेरेझीनचे हस्तलिखित

कोलंबिया अंतराळयान 1 फेब्रुवारी 2003 रोजी परतीच्या वाटेवर कोसळले, हे आपल्याकडच्या शाळकरी मुलांना कल्पना चावलामुळे ठाऊक असते. त्याच यानात इस्रायलचे इलान रामोन होते. त्यांची आई आउश्वित्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेली. रामोन यांनी एका ज्यू मुलाच्या पेन्सिलचित्राची प्रत सोबत नेली होती: चंद्रावरचे टोकदार डोंगर आणि काळ्या आभाळात पृथ्वी. चित्र काढणारा पेत्र गिंझ प्रागमध्ये 1 फेब्रुवारी 1928 रोजी जन्मला. यान कोसळले त्या दिवशी तो 75 वर्षांचा झाला असता.

ही बातमी ऐकून प्रागमधल्या एका माणसाने आपल्या घराच्या माळ्यावरच्या जुन्या वह्यांची माहिती जेरुसलेममधल्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेला कळवली. ती पेत्रची 1941-42 ची रोजनिशी निघाली. नाझींच्या ताब्यातल्या प्रागमध्ये 19 सप्टेंबर 1941 पासून ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. त्या दिवशी पेत्र आधी धुके असल्याचे लिहितो आणि मग शाळेच्या वाटेवर तारा लावलेली 69 माणसे मोजल्याचे. तक्रारीचा शब्द नाही. मोजणी तेवढी चोख.

ऑक्टोबर 1942 मध्ये त्याची रवानगी तेरेझीनच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, झाली. तिथे मुलग्यांच्या एक नंबरच्या वसतिगृहात त्याने ‘वेदेम’ नावाचे साप्ताहिक संपादित केले. आपल्या शाळांमध्ये निघते तसेच ते हस्तलिखित: प्रत एकच, शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. सुमारे 800 पाने भरली. 28 सप्टेंबर 1944 रोजी पेत्रला आउश्वित्झच्या गाडीत चढवले. तिथेच त्याचा जीव घेतला गेला. गाडीच्या खिडकीतून भावाला पाव दिल्याचे त्याची बहीण एवा हिने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. तेरेझीनमध्ये मागे राहिलेल्या टाउसिग नावाच्या मुलाने ‘वेदेम’ची पाने लपवली, म्हणून ती टिकली.

त्याच घेट्टोत चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस मुलांना चित्रकला शिकवत. कागद मिळेल तो, अनेकदा एका बाजूने वापरलेला. चित्रावर स्वतःचे नाव लिहायचे, हा त्यांचा आग्रह. ऑक्टोबर 1944 मध्ये त्यांनाही आउश्वित्झला नेऊन मारले. मागे उरली दोन सुटकेसमधली सुमारे 4,500 चित्रे. त्यांवरची नावे गाड्यांच्या याद्यांशी ताडून पाहता आली, आणि कोणते चित्र कोणाचे, त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगता आले.

इतिहास असा जुळतो: चित्र, वही, बहिणीची रोजनिशी, गाडीची यादी. एक कागद दुसऱ्याची साक्ष काढतो. ज्यूंचा संहार झालाच नाही म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला हे कागद पुरेसे आहेत.

नाझींनी 1942 मध्ये उद्ध्वस्त केलेल्या लिदित्से या चेक गावात तिथल्या मारल्या गेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ 1967 पासून बालचित्रांची स्पर्धा भरते. तिला भारतातूनही चित्रे जातात. शिरूर आणि दौंडच्या शाळांत एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या कलाशिक्षकांना आणि इतिहासाच्या शिक्षकांना विनंती आहे: ज्यूंच्या संहारावर चित्रांची किंवा निबंधांची स्पर्धा जरूर घ्या, पण रंगपेटी उघडण्याआधी मुलांना एका पेत्रची पूर्ण हकिकत वाचायला द्या. काटेरी तारा आणि धुराडी कोणीही काढेल. प्रत्येक तपशिलाला कोणत्या कागदाचा आधार आहे, हे ज्या मुलाला सांगता येईल, पहिले बक्षीस त्यालाच द्या.