तळटीप ३ : ‘एल सेक्रेतो दे सुस ओहोस’
३. एल सेक्रेतो दे सुस ओहोस (२००९) : अर्जेंटिनाचा स्पॅनिश चित्रपट, दिग्दर्शक हुआन होसे कांपानेल्ला. आधार एदुआर्दो साचेरी यांची कादंबरी ‘ला प्रेगुंता दे सुस ओहोस’ (२००५). कादंबरीच्या नावात ‘प्रश्न’ आहे, चित्रपटाच्या नावात ‘गुपित’. ‘सुस’ म्हणजे त्याचे, तिचे किंवा त्यांचे. मराठीला यातले एक निवडावेच लागते, म्हणून मूळ नाव तसेच ठेवले आहे. साचेरी यांनी तरुणपणी ब्वेनोस आयरेसच्या न्यायालयात नोकरी केली होती. फायलींच्या गठ्ठ्यांत अडकलेला खुनाचा तपास इतका खरा वाटतो तो त्यामुळेच. पटकथा कांपानेल्ला आणि साचेरी या दोघांनी मिळून लिहिली आणि बदल धीटपणे केले. कादंबरीतला खून १९६८ मधला, चित्रपटातला १९७४ मधला, म्हणजे लष्करी सत्तापालटाच्या उंबरठ्यावरचा. नायक चापार्रोचा एस्पोसितो झाला. फुटबॉल मैदानावरचा तो गाजलेला सलग भासणारा प्रसंग कादंबरीत नाहीच. चित्रपटाला २०१० मध्ये परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. २०१५ च्या हॉलिवूड आवृत्तीत मात्र अर्जेंटिनाचा तो काळच गळाला आणि कथेचा कणाही मोडला. वाचकांनी मूळ चित्रपटच पाहावा.